देव येईपर्यंत मरायचं नाही

अकराव्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत सासूबाईंनी मरायचं नाही, हे मी उन्हाळ्यातच ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं. पन्नास वर्षांत त्यांनी तरी मला विचारून काय ठरवलं होतं?

त्या पंच्याण्णवच्या, मी एकाहत्तरची. आणि त्या वर्षी देवाची पाळी आमच्या कानेहिरा घराकडे होती.

आमच्या तोचिदानी गावचा देव घरोघर राहतो. डोंगरावर त्याचं देऊळ आहे, चांगलं एकशेचाळीस पायऱ्यांचं. पण भात कापून झाला की जत्रेला त्याची पेटी वर देवळात जाऊन पुन्हा खाली उतरते आणि ज्याची पाळी त्याच्या घरी, चांगल्या खोलीत, पुढच्या जत्रेपर्यंत मुक्कामाला असते. अंगणात चार बांबू, त्यांना नव्या पेंढ्याचा दोर, दोराला पांढऱ्या कागदाच्या झिरमिळ्या. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण तुमच्या दारासमोर मान लववून जातो, मग त्याचं तुमच्याशी बोलणं असो नसो. मला पाळी एवढ्यासाठीच हवी होती असं कुणी म्हणालं, तर मी भांडायला जाणार नाही.

देवाला फक्त एक गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मरण. मूल झालं की देवळात न्यायचं आणि माणूस गेलं की मठातल्या बुद्धाकडे, अशी आमच्याकडे फार पूर्वीपासून वाटणी आहे. बारसं देवाचं, निस्तरणं बुद्धाचं. घरात कुणी गेलं की प्रेताकडे बघायच्या आधी देव्हाऱ्यावर पांढरा कागद चिकटवायचा, म्हणजे देवाला काही दिसू नये. मग पन्नास दिवस सुतक. देवळाच्या कमानीखालून जायचं नाही, दोराला हात लावायचा नाही. आणि पाळीच्या घरात सुतक आलं, तर पाळी त्याच दिवशी पुढच्या घरी जाते. आपण रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं.

पहिली पाळी आली तेव्हा मी बावीसची होते, लग्नाला चार महिने झालेले. ऐन जत्रेला मी बाजूला बसले. सासूबाईंनी मला सात दिवस कोळशाच्या खोपटात ठेवलं. देव घरात आला तो मी फळ्यांच्या फटीतून ऐकला.

दुसरी पाळी आली तेव्हा अठ्ठेचाळीसची. या वेळी सगळं मी केलं होतं. चटया बदलल्या, बांबू आणवले, भांडी राखेने घासून लख्ख केली. जत्रेला दोन दिवस राहिले असताना आमचे हे शेताच्या बांधावर विडी ओढायला बसले ते उठलेच नाहीत. गावातले दोघे-तिघे दबकत म्हणालेसुद्धा, "दोनच दिवसांचा प्रश्न आहे, ताप आलाय म्हणून सांगू." पण डॉक्टरांनी बूट घालायच्या आत सासूबाई स्टुलावर चढल्या होत्या. भाताच्या खळीने कागद चिकटवून खाली उतरल्या. पोटचा पोरगा आत निजलेला आणि ही बाई कागदाचे कोपरे दाबतेय! पाळी शेजारच्या उने घरी गेली. त्यांच्या म्हातारीने माझे बांबूसुद्धा उचलून नेले. वर म्हणाली, "तयारच आहेत, वाया कशाला घालवायचे?"

तेव्हा गावात सत्तावीस घरांत चूल पेटत होती. आता अकरा. पाळी आता तेवीस वर्षांनी आली. पुढची येईपर्यंत मी किंवा गाव, दोघांतलं एक तरी उरणार नव्हतं. म्हणून सासूबाईंनी मरायचं नव्हतं.

मी त्यांची जी सेवा केली, ती बघायला लोक यायचे. सकाळी पेज, त्यात खारवलेलं आलुबुखार गाळून. दुपारी मऊ मुळा. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला कापूर लावायचा. रात्री त्या खोकल्या की मी जागी. तालुक्याच्या कचेरीने मला आदर्श सून म्हणून प्रमाणपत्र दिलं. एक तरुण बाई फोटो काढायला आली होती, तिचे डोळे भरून आले. मी ते प्रमाणपत्र वाचलं नाही. माझी शाळा लढाईत गेली. पाचवीत आम्हाला विमानाच्या तेलासाठी पाइनची मुळं खणायला लावली होती. ती विमानं काही उडाली नाहीत आणि मला अवघड चिनी अक्षरं काही आली नाहीत.

सासूबाईंना मात्र सगळं वाचता यायचं, माझ्या तोंडावरचंसुद्धा.

"वाम खावीशी वाटतेय," त्या एका दुपारी म्हणाल्या.

"डॉक्टरांनी तेलकट नको सांगितलंय, आई."

"बरं. नको तर नको." त्यांनी डोळे मिटले आणि हात छातीवर जुळवून ठेवले, मठात ठेवतात तसे. "जत्रेला अजून किती दिवस आहेत गं सुगिए?"

मी वाम आणली. भाजलेली, वरून गोड चटणी लावलेली. काटे एकेक करून काढले. त्यांनी अर्धी खाल्ली आणि म्हणाल्या की जळकी आहे.

वामेनंतर रेशमी चादर मागितली. चादरीनंतर टीव्ही त्यांच्या खोलीत गेला. मग त्यांना चिकट भाताचे गोळे हवे झाले. कांडलेल्या भाताच्या त्या गोळ्यांनी दर नव्या वर्षाला गावोगावची म्हातारी माणसं घशात अडकून जातात. मी म्हटलं, "ते मिळायचे नाहीत. काहीही करा."

"मग देव आल्यावर देशील?"

"देव एकदा उंबऱ्याच्या आत आला की आपली पाळी झाली, पुढे हलवला तरी चालेल. मग काय हवं ते खा."

"म्हणजे पंधरा तारखेनंतर मी मोकळी?"

"मोकळ्या."

"तू तोंडावर बोलतेस," त्या म्हणाल्या. "ते एक बरंय."

खरा घोर होता तो शेजारणीचा. पाळीत आमच्या मागचं घर उने यांचं, म्हणजे आमची पाळी चुकली की पुन्हा त्यांचीच. ती म्हातारी गेली होती, आता तिची सून फुसाए. त्रेसष्टची, विधवा, केस अजून काळे करणारी. उन्हाळ्यापासून ही फुसाए रोज सकाळी मागच्या दाराने यायची.

"सुगिएबाई, तोकुआजी कशा आहेत?"

"ठणठणीत."

"रात्री झोप लागली?"

"घोरत होत्या."

"खोकला?"

"तुझा आहे तेवढाच."

आणि रोज हातात वाडगा. अंड्याचा खरवस, वाफवलेला, वर एक कोलंबी. "आजींना जातो ना घशाखाली. मऊ आहे." मी हसून घ्यायची आणि ती वळली की मांजरापुढे ठेवायची. विष घालेल असं मला वाटत नव्हतं. विष घालायला धीर लागतो. पण कोलंबीचा तुकडा मोठा ठेवता येतो, अंडं कालचं वापरता येतं. ज्या घरातल्या म्हातारीने माझ्या नवऱ्याच्या सुतकात माझे बांबू नेले, त्या घरचं मी काही आत जाऊ देणार नव्हते. मांजर मात्र महिनाभरात फुगून उशीसारखं झालं. तेवढ्यावरून मला काही कळायला हवं होतं. पण मांजराकडे बघून शहाणं व्हायची आमच्या घराला सवय नाही.

दुसरा घोर माझा मुलगा यासुनोरी. सत्तेचाळीस वर्षांचा, बायको माहेरी गेली ती सहा वर्षं माहेरीच. पाळीचा यजमान कागदोपत्री तोच, कारण देवाला बाईच्या नावावर राहायला आवडत नाही असं म्हणतात. त्याने जत्रेआधी पंधरा दिवस मांस खायचं नाही आणि पहाटे थंड पाण्याने अंघोळ करायची. तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या शर्टाला भाजलेल्या मांसाचा वास.

"यासुनोरी."

"सोयाबीनचं होतं, आई."

"सोयाबीनला बरगडी असते?" त्याच्या खिशात दात कोरायच्या काडीसकट एक हाड निघालं. कुत्र्यासाठी आणलं म्हणाला. आमच्याकडे कुत्रा नाही. त्याला मी त्याच रात्री दुसऱ्यांदा थंड पाण्याखाली उभा केला आणि वरून स्वतः बादली ओतली.

आमचे पुजारी इनोकुची गुरुजी. एकटे एकोणीस गावांतली देवळं सांभाळतात. पांढऱ्या छोट्या गाडीतून येतात. अंगात सोवळ्याचा झगा, पायात चिखलाचे रबरी बूट. ते मंत्र म्हणून घर शुद्ध करायला आले तेव्हा मी चहा दिला आणि समोर बसले.

"गुरुजी, एक विचारते. सहजच."

"विचारा."

"माणूस दवाखान्यात गेलं, तर सुतक कुणाला लागतं? दवाखान्याला की घराला?"

"सुतक नात्याला लागतं, सुगिएबाई. छपराला लागत नाही."

"आणि समजा माणूस गेलं पंधराला सकाळी, आणि घरच्यांना कळलं सोळाला?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. "देवाला कधी कळलं ते बघायचं."

"देव तर पेटीत असतो. सात कापडांत गुंडाळून."

"मी एकोणीस देवळं बघतो," गुरुजी म्हणाले. "एकोणीस गावांत हा प्रश्न मला सहजच विचारतात." त्यांनी आणखी एक बिस्कीट घेतलं. शिकलेल्या माणसांचं हेच. पण जाताना त्यांनी सासूबाईंच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि कागदी झिरमिळ्यांची काठी त्यांच्या अंगावरून दोनदा जास्त फिरवली.

दहा तारखेला अंगणात दोर वळायला घेतला. देवाचा दोर उलट्या पिळाचा असतो, तो वळणारे हात आता गावात चारच उरलेत आणि त्यांतले दोन थरथरतात. पुरुष पेंढ्याला पाणी मारत एकमेकांना शिव्या देत होते. मी पेज घेऊन आत गेले.

सासूबाईंचं तोंड उघडं होतं. हाक मारली, उत्तर नाही. गालाला हात लावला, गार. छाती हलतेय की नाही ते त्या रेशमी चादरीखाली कळेना.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. कुणी काय म्हणायचं ते म्हणो. मी नाडी बघितली नाही. आधी देव्हाऱ्याखालचा खण उघडला. त्यातला पांढऱ्या कागदाचा ताव काढला, स्वयंपाकघरात गेले आणि तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून तळाशी पुरला. कागदच सापडला नाही तर लावणार काय? पाच दिवसांनी सापडेल. नोव्हेंबर आहे, थंडी आहे. खोलीतली शेगडी विझवायची, दार लावून घ्यायचं. एवढं सगळं माझ्या मनात तांदूळ पुन्हा सपाट करेपर्यंत येऊन गेलं.

परत आले तर फुसाए मागच्या दाराने आत शिरलेली. वाडगा चटईवर पालथा, कोलंबी कुठल्या कुठे, आणि ही बया सासूबाईंच्या छातीवर पडून त्यांना गदागदा हलवतेय.

"तोकुआजी! आत्ता नाही हं! अहो पाच दिवस! पाचच दिवस काढा हो! माझ्यासाठी!"

डोळ्यांतून धारा. काजळ गालावर. मी दारात उभी राहून बघत राहिले. मनात म्हटलं, काय नाटकी बाई आहे! पाळी पदरात पडतेय तर वरून रडूनही दाखवतेय. पण 'पाच दिवस काढा' हे ती का म्हणतेय, ते मला काही कळलं नाही. त्या वेळी मी कळून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

"फुसाए, बाजूला हो. माझी सासू आहे. मेली असेल तर माझी मेलीय."

तेवढ्यात सासूबाईंनी एक डोळा उघडला.

"कोण पडलंय माझ्यावर?" त्या ओरडल्या. कानात यंत्र नसलं की त्या ओरडूनच बोलतात. यंत्र उशीशेजारी बशीत होतं. "शांत झोप लागावी म्हणून ते काढून ठेवलं, तर दोघी मिळून अंगावर!"

फुसाए त्यांचे हात धरून हुंदके देत हसायला लागली. बाहेर दोर वळणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही. तुम्ही उलटा पीळ द्या."

फुसाए डोळे पुसत गेल्यावर मी सासूबाईंच्या कानात यंत्र बसवलं. त्या माझ्या बाहीकडे बघत होत्या.

"कोपरापर्यंत तांदळाचा कोंडा लागलाय. कागद कोठीत लपवलास?"

मी पेज ढवळत राहिले.

"त्या वेळी मी कागद एवढ्या घाईने का लावला, माहीत आहे तुला?"

"माझी पाळी जावी म्हणून."

"तुझी पाळी! तेवीस वर्षं हेच घोकत बसलीस?" त्यांनी मान वळवली. "मी कागद लावला नसता, तर तू त्याला दोन दिवस चादरीखाली ठेवला असतास आणि देवासाठी अळकुड्या सोलत बसली असतीस. सोलल्याच असत्यास. मी ओळखत होते तुला. म्हटलं, देव दुसरीकडे जाऊ दे. हिला नवऱ्यासाठी रडू दे."

बाहेर पेंढ्यावर पाणी मारल्याचा आवाज येत होता.

"रडलीस कुठे पण," त्या म्हणाल्या. "मोरीवर जाऊन भांडी घासत बसलीस."

"भांडी घाण होती."

"हो. होती."

मी त्यांना चमच्याने पेज भरवली. मीठ घालायला विसरले होते. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून डॉक्टरांना फोन करावा की काय, असं मला वाटलं.

पंधरा तारीख उजाडली ती थंड आणि स्वच्छ. देवाचा नैवेद्य बायकांनी शिजवायचा नसतो. वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि पुरुष. गावातल्या सात पुरुषांपैकी चौघांनी जन्मात चहासुद्धा केला नव्हता. म्हणून देवाचा नैवेद्य असा होतो: पुरुष आत, आम्ही बायका खिडकीबाहेर. हात आमचा लागत नाही, जीभ लागते.

"आच कमी करा!"

"कुठून कमी होते?"

"लाकूड ओढा, लाकूड! देवाला कोळसा वाढताय का?"

"सुगिएबाई, माशाची शेपटी वर राहत नाहीये."

"तोंडातून दोरा घाला आणि शेपटीला बांधा. आणि डोळा फोडू नका. डोळा फुटलेला मासा तुम्ही तरी घ्याल का बाजारात?"

फुसाए माझ्या शेजारीच उभी होती. ती मला हळूच म्हणाली, "आजींना गरम कपडे घातलेत ना? वारा आहे." मी खिडकीकडे तोंड केलं.

दुपारी डोंगरावरून ढोल ऐकू आला. सासूबाईंना मी दोन उशा लावून पडवीत बसवलं. काळा किमोनो, घराण्याचं चिन्ह असलेला. त्यात आता त्यांच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. मी उंबऱ्याच्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसले. ही जागा मला एकोणपन्नास वर्षांपूर्वी मिळायची होती.

पेटी यजमानाने आणायची. माणसाचा श्वास देवाला लागू नये म्हणून यजमान दातांत घडी केलेला कागद धरतो, म्हणजे सगळ्या वाटेत यासुनोरी एक अक्षर बोलू शकत नव्हता. जन्मल्यापासून इतका देखणा तो मला कधी दिसला नव्हता. पुढे गुरुजी 'ओऽऽ' असा लांब आवाज काढत येत होते; तो आवाज आला की सगळ्यांनी माना खाली घालायच्या, देव जातोय तो बघायचा नाही.

मीही मान खाली घातली. कपाळ चटईला टेकवलं.

तर एकोणपन्नास वर्षं ज्याची वाट बघितली, त्यातलं मी काय पाहिलं म्हणाल? यासुनोरीच्या टाचा. पांढरे मोजे मी स्वतः शिवले होते, टाचेपाशी अडकवायचे चार चार आकडे लावून. डाव्या मोज्याचे दोन आकडे उघडे होते. देव माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावरून आत गेला आणि मी मनात म्हणत होते, मेल्या, आकडे तरी लावायचे होतेस.

मग काहीतरी गार माझ्या मानेवरून गेलं. वारा असेल. पडवीचं दार उघडंच होतं.

मान वर केली तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. "झालं," त्या म्हणाल्या. "पोचला."

जेवणाला अकरा घरांची मिळून चौदा माणसं. साके सांडली, दोघांनी जुनी गाणी म्हटली, मी प्रत्येकाला वाढताना पाठ सरळ ठेवली. पहिल्या वाढीनंतर फुसाए मध्येच उठली, चटईवर बसली आणि तिने कपाळ जमिनीला टेकवलं.

"मला माफ करा. मी नव्या वर्षात हिरोशिमाला मुलाकडे जातेय. घर बंद करणार. पुढच्या वर्षीची पाळी आमच्याकडून होणार नाही."

माझ्या हातातली झारी तशीच राहिली.

"म्हणजे," मी म्हटलं, "तुला पाळी नको होती?"

"कशी हवी असेल, सुगिएबाई? मुलाने खोली घेऊन ठेवलीय. देव यायच्या आधी तोकुआजींना काही झालं असतं तर पाळी तेव्हाच आमच्या गळ्यात. मग वर्षभर मी इथेच. आणि नाही म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? उन्हाळ्यापासून मला झोप नाही हो. म्हणून तर रोज खरवस करून आणायची. दोन अंडी, सायीचं दूध. आजी टिकाव्यात म्हणून."

"तो मी मांजराला घातला."

"सगळा?"

"सगळा. मांजर साडेसहा किलोचं झालंय."

"सगळा नाही," आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. "तू अंघोळीला गेलीस की ती मला वेगळा भरवायची. तुझ्या पेजेवर का जगले मी?"

लोक हसले. मी हसले नाही.

गुरुजींनी घसा साफ केला आणि विचारलं, मग फुसाएबाईंच्या पुढचं घर कुणाचं? पुढच्या घरच्या म्हाताऱ्याने गुडघे दाखवले. त्याच्या पुढच्याने सांगितलं की त्याची चांगली खोली गळते. त्याच्या पुढचे दोघे नवराबायको एकमेकांकडे बघून म्हणाले की त्यांना एवढं सोवळं जमणार नाही. एकेक करत दहा घरं झाली. आणि प्रत्येकाने शेवटी म्हटलं ते एकच, "सुगिएबाईंसारखं कुणाला जमणार?" प्रत्येकाने मला मान लववली. दिवसभरात कुणी लववली नव्हती इतकी खाली.

तेव्हा मला कळलं की ज्या पाळीसाठी मी दात आवळून बसले होते, ती माझ्या दारात येऊन पडावी म्हणून अख्खं गाव देवाला साकडं घालत होतं.

"मग असं करू," गुरुजी म्हणाले. "दुसरं घर मिळेपर्यंत देव इथेच राहू दे. फक्त एक अडचण आहे." त्यांनी आतल्या खोलीकडे बघितलं आणि आवाज बारीक केला. "या घरात सुतक आलं, तर हलवायला घर नाही. मग मला पेटी तालुक्याच्या मोठ्या देवळात न्यावी लागेल. तिथे आधीच पाच गावांचे देव एका फळीवर आहेत. तिथे गेलेला देव परत येत नाही."

सगळे आतल्या खोलीच्या दाराकडे बघायला लागले. चौदा माणसं, मान वळवून, माझ्या सासूच्या दाराकडे.

"काय म्हणतोय तो पुजारी?" आतून आवाज आला. "मी यंत्र लावलंय हं."

मी उठून आत गेले. दार लावून घेतलं. त्यांच्या उशाशी बसले.

"म्हणजे मी मोकळी नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"किती दिवस?"

"दुसरं घर मिळेपर्यंत."

"मिळणार आहे का?"

"नाही."

भिंतीपलीकडे चांगल्या खोलीत देव होता, सात कापडांत, नव्या फळीवर. या बाजूला आम्ही दोघी.

"चिकट भाताचा गोळा देईन म्हणाली होतीस."

मी गोळा आणला. सुरीला पाणी लावून त्याचे वाटाण्याएवढे तुकडे केले, एकेक भरवला, आणि प्रत्येक तुकडा खाली उतरेपर्यंत त्यांच्या गळ्यावर बोट ठेवून बसले. बाहेर लोक पुन्हा गायला लागले होते.

"कागद अजून कोठीतच आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"काढ तिथून. उंदीर खातील. पत्र्याच्या डब्यात ठेव." त्यांनी आणखी एक तुकडा चघळला. "आणि दोन ताव ठेव."

"दोन कशाला?"

"तू एकाहत्तरची आहेस. रात्रीची झोपत नाहीस, जेवतेस उभ्याने," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून फुसाएला सांग, खरवस दोन वाडगे आण म्हणावं. जाईपर्यंत तरी."